घरामागचा उतार आणि त्यावरचं सगळं

मी, जिला घरात सगळे भिंगरी म्हणतात, पूर्ण शुद्धीवर असून, कुणीही धाकदपटशा केलेला नसताना, हे माझ्या हाताने लिहून ठेवते. उद्या सकाळी माझ्या हृदयाची झडप दुरुस्त व्हायची आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचं कारण नाही, पण सह्या मात्र भरपूर घेतल्या. शेजारच्या खाटेवर एक वकीलबाई आहेत. त्या म्हणाल्या, "लिहून टाक, हलकं वाटेल." मी भरकटले की "मुद्द्यावर ये गं" असं ओरडायचंही त्यांनीच कबूल केलंय.

कलम एक. माझा तंबू मैत्रिणीला द्यावा. तसा तो तिच्याकडेच आहे, मागून मागून माझं तोंड दुखलं. तरी मी तो राजीखुशीने दिला, असं तिला मुद्दाम कळवावं.

कलम दोन. माझी खोली आईला. मी भटकायला गेले की ती तिथेच झोपते. विचारलं तर म्हणते, "इथं वारा चांगला येतो." खिडकी गेली दोन वर्षं उघडत नाही. दादाने ती

("मुद्द्यावर ये गं.")

कलम तीन, म्हणजे मुद्दा. घरामागचा उतार. पूर्वी तिथली माती पावसात थेट स्वयंपाकघराच्या दारात यायची. मी डोंगरातून दगड आणले, अर्धे जमिनीत गाडले, खडी पसरली, आणि मधल्या जागेत ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेल्या काड्या रोवल्या. ओव्यासारख्या वासाचं थाईम, चिनी गुलाब, आणि पिवळ्या चांदण्यांचं सेडम. घोट्याच्या वर कुणीच जात नाही, पण मातीला काय धरलंय! त्यांना खत घालू नये. लाड केले की कुजतात.

दादा फरशी बसवतो. त्याच्या दोन फरश्यांमध्ये नख शिरत नाही, हे तो अनोळखी माणसालाही थांबवून सांगतो. आईचा गुडघा गेल्यापासून त्याला सगळा उतार सिमेंटने बंद करायचाय, कारण कपडे वाळत घालायला ती तिथूनच खाली जाते. यावरून आमची कडाक्याची भांडणं झाली आहेत.

"आई पडली तर तुझी फुलं उचलणार आहेत का तिला?"



म्हणून उतार मी दादाला देते. त्याने पायऱ्या कराव्यात, कठडाही लावावा. फक्त दादा, सांधे भरू नकोस. पायऱ्यांच्या दगडांत बोटभर फट ठेव, आत नुसती वाळू आणि खडी. थाईम आपणहून शिरेल. उघडा सांधा बघून तुझा जीव खालीवर होणार, मला माहीत आहे. तरी ठेव. आणि आई, तू फुलं चुकवत चवड्यांवर चालतेस ना, तशी चालू नकोस. थाईमवर पाय पडला तर ते मरत नाही, वास सोडतं.

इथवर लिहिलं आणि दादा डबा घेऊन आला. त्याने उभ्याउभ्याच सगळं वाचलं.

"बोटभर? अर्धं बोट पुरे."

"बोटभर."

"बरं बाई. सही कुठं करू?"

वकीलबाई उठून बसल्या. "अहो, तुम्ही नाही! ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार व्हायचं नसतं. सही केलीत तर उतार हातचा जाईल."

"असं होय," दादा म्हणाला, आणि माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

स्थळ: वॉर्डातली भिंतीकडची खाट.
दिनांक: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, दुपारी.

सही: भिंगरी

साक्षीदार पहिल्या: वकीलबाई, शेजारची खाट (सल्ला दिला होता, ऐकला नाही)

साक्षीदार दुसरा: दादा, फरशीवाला. उतार मला नको. पायऱ्या करतो, फटी बोटभर ठेवतो. त्यात लावायला हिनेच घरी यावं.