टाकीत आलेला समुद्र

सेंट डेव्हिड्स, बर्म्युडा
मंगळवार

चि. ऑस्मंड यास विनिफ्रेडताईचे आशीर्वाद.

तुझा खोकला आणि मेबलचे गुडघे ठीक असतील असे गृहीत धरते. (नसतील तर डॉक्टरला कळव, मला नको.) वादळाच्या बातमीने घाबरून तू दोनदा फोन केलास. आम्ही शाबूत आहोत. हवामान खात्याने सांगितले तसेच वादळ नव्वद मैलांवरून गेले. घोळ झाला तो आमच्या छपरावर.

दोन महिने पाऊस नव्हता. घराखालच्या टाकीत गुडघाभर पाणी उरले होते, आणि छपरावर पडेल त्याखेरीज मला दुसरे पाणी नाही. शनिवारी शेजारचा फॉक्स कुंपणाशी आला. त्याच्या दारात शार्कच्या तेलाची बाटली टांगलेली असते ना (वादळ जवळ आले की तेल गढूळ होते म्हणे), ती दाखवून म्हणाला, "बाई, तळ पांढरा पडलाय. पन्हळीला बोळा मारा, नाहीतर वारा समुद्र उचलून टाकीत आणील." मी चौतीस वर्षे भूगोल शिकवला आहे. म्हटले, "फॉक्स, नव्वद मैल म्हणजे किती, ते तुझ्या तेलाला विचार." तरी त्याने शिडी लावून तू केलेला लाकडी बोळा ठोकलाच. तो गेल्यावर मी चढून काढला. मला एकेक थेंब हवा होता.

रविवारी दिवसभर नुसता खारा वारा सुटला, छपरावर मिठाचा थर बसला, आणि संध्याकाळी तासभर पाऊस येऊन तो थर धुऊन टाकीत घेऊन गेला. सोमवारचा चहा माशाच्या कालवणासारखा लागला. साखर वाढवली, तर आणखी बिघडला. नेमका तेव्हाच फॉक्स विचारपूस करायला आला. दारातून परत कसे पाठवणार? आत बसवून तोच चहा दिला. दोन कप प्यायला आणि म्हणाला, "दणकट असतो हो बाई तुमचा चहा." (नवी पत्ती आहे, असे मी सांगितले.)

बाकी क्षेम.

विनिफ्रेड

ता. क. : फॉक्सला दोन ओळी लिही, की तुझा बोळा मुळातच सैल होता. तुला सुतारकाम येत नाही हे सगळे बेट जाणते, तेव्हा तुझे काही जात नाही.

आणखी ता. क. : लिहू नकोस. फॉक्स आत्ताच दोन बादल्या गोडे पाणी ठेवून गेला. मी बोळा काढायला शिडीवर चढले तेव्हा तो त्याच्या खिडकीत होता म्हणे, आणि मी पडेन या धास्तीने उतरेपर्यंत हलला नाही. मग तो चहा का प्यायलास, असे खडसावले. म्हणाला, "एकवीस वर्षांच्या शेजारात बाईंनी पहिल्यांदा आत बोलावलं. मीठ कोण बघतो?" रविवारी त्याला जेवायला बोलावले आहे. खारवलेला कॉड मासा करते. भिजवायला पाणी तोच आणणार आहे.