तिसऱ्यांदा सेल्फ मारल्यावर

ती. बाबा,

गारठून वाकड्या झालेल्या बोटांनी नमस्कार. फोनवर सांगितलं असतं, पण तिथे आई कान देऊन बसलेली असते. म्हणून हे पत्र तुमच्या गॅरेजच्या पत्त्यावर.

माझी तब्येत छान आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाचं डोकं खाली आलंय, आता कधीही. दवाखाना गाडीने चाळीस मिनिटांवर आहे. हे ड्यूटीवर असले तर शेजारीण मला नेईल, गाडी मात्र आमचीच.

तीच परवा थंडीत सुरू होईना. सेल्फ मारला की नुसती टकटक. मग बॉनेट उघडलं. तुम्ही शिकवलंत तशी आधी काळी वायर काढली, मग लाल, आणि बॅटरीवरचा पांढरा थर गरम पाण्याने घासला. जोडताना काळी शेवटी. नवी बॅटरी पुढच्या आठवड्यात मिळेल म्हणतात. तोवर हे रोज संध्याकाळी जुनी उचलून स्वयंपाकघरात उबेला आणतात, सकाळी परत बसवतात.

आज तिसऱ्यांदा सेल्फ मारल्यावर सुरू झाली, तेव्हा काळजी नको. फक्त दुसऱ्या खेपेनंतर मी किल्ली धरून बराच वेळ बसले होते. ती फिरवेना. बाळही पोटात हलायचं थांबलं होतं, नंतर हललं.

आईचे गुडघे कसे आहेत? तिला सांगू नका, पण तिने बाळासाठी शिवलेली गोधडी सध्या बॅटरी पांघरते.

पत्र मिळालं की गॅरेजमधूनच फोन करा. पण नुसतं गाडीचं बोला. भीती वाटते का, असं विचारू नका.

तुमची,
धाकटी