पायाखालचा तारा

१४ नोव्हेंबर
आलो एकदाचे संभाजीनगरात! देवळाईतलं घर छोटंसं, पण गच्चीवरून शेजारच्या सातारा गावाचे डोंगर दिसतात आणि दक्षिणेचं आभाळ स्वच्छ. वाळूजच्या कारखान्यांचा उजेड पश्चिमेला, तो मला नडायचा नाही. मालकीण गोजरबाई खालीच राहतात, मूळच्या पिशोरच्या. सामान वर चढायच्या आत बाजरीची भाकरी आणि ठेचा हजर. नवरा, केयूर, दुबईत, म्हणून इथं मी आणि सावनी, मायलेकी दोघीच. सोमवारपासून कॉलेजच्या वेधशाळेत शाळकरी पोरांना तारे दाखवायचे. माझ्यासारख्या हौशी बाईला आणखी काय हवं!

१७ नोव्हेंबर
सावनी दहा जानेवारीला बारा पूर्ण करील. आज संध्याकाळी गच्चीवर तिला तिचा तारा देऊन टाकला: तिमिंगल तारकासमूहातला टाऊ सेटी. आपल्या सूर्याचा धाकटा भाऊ म्हणा. वजनानं पाऊण, उजेडानं निम्मा, किंचित पिवळा. स्वभावानं गरीब, डाग नाहीत की वादळं नाहीत. भोवती धुळीचा आणि धूमकेतूंचा पसारा मात्र आपल्या दहापट. तिथून प्रकाश यायला बारा वर्षांना एक महिना कमी. म्हणजे ती जन्मली त्या दिवशी निघालेला प्रकाश येत्या आठ डिसेंबरला पोचणार. पोरगी नाचलीच. मग तिनं विचारलं, तो माझ्याकडेच यायला निघाला होता का? मी म्हटलं, हो, तुझ्याचकडे. लेकरू खूश होत असेल तर एवढ्याशा थापेनं काय बिघडतं?

२१ नोव्हेंबर
शाळेतून आली ती दप्तरासकट पूर्वेच्या भिंतीसमोर उभी राहिली. बोट भिंतीच्या तळाशी. म्हणाली, आत्ता उगवतोय. ताऱ्यांच्या उगवतीचं कोष्टक काढून पाहिलं, वेळ बरोबर! हुशारीत आईवर गेलीय. केयूरला फोन करून मिरवलं.

२४ नोव्हेंबर
सुलेखाबाईंचा, तिच्या वर्गशिक्षिकेचा, फोन. सावनी दहाच्या सुमारास गणित सोडून दोन पायांच्या मधे टक लावून बसते. विचारलं तर म्हणते, तारा तिथं आहे. कोष्टक उघडलं. दहाला तो तारा पृथ्वीच्या पार पलीकडे असतो, जवळजवळ ओळंब्यात आपल्या पायाखाली. हे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं.

२९ नोव्हेंबर
ओढणीनं डोळे बांधले, सात गिरक्या दिल्या. बोट जागेवर. झोपेतही बोट जागेवर. आज एवढी शिकलेली मी, मीठ-मोहऱ्या ओवाळून बसले. गोजरबाई म्हणाल्या, पोरगी लई गुणाची, नजर लागली हे खरं. पर ही नजर माणसाची नाय.

३ डिसेंबर
झोप नाही. हातातलं काम हातात राहतंय. कधीतरी वाचलेलं आठवलं: तो तारा बहुधा आपल्याकडे ध्रुव करूनच फिरतो. एकच बाजू, कायम आपल्याकडे. तोंड कधी फिरवतच नाही. सावनी जेवत नाही. विचारलं की एवढंच म्हणते, येतोय.

६ डिसेंबर
तिला सांगून टाकलं की मी खोटं बोलले. प्रकाश सगळीकडे जातो, एकट्या कुणाकडे नाही. तिनं माझ्याच पाठीवरून हात फिरवला. मला भीती वाटतेय. कुठं नेऊ हिला? आड अख्खी पृथ्वी आली तरी—

८ डिसेंबर, सकाळ
शाळेत धाडलं नाही. दारं-खिडक्या बंद.
नऊ. बोट सरळ खाली.
नऊ-पाच. बोट हललं— वर येतंय— पाय, पोट— स्वतःच्या छातीवर टेकलं.

दुपार
बसलीय. शांत. पोटभर जेवली.
मला विचारलं, तुम्ही कोण?
मी म्हटलं, आई. तिनं मान हलवली. लहान पोराची समजूत काढावी तसं सांगितलं, रडू नका. तुमची सावनी सकाळीच निघाली. पोचायला तिला बारा वर्षांना एक महिना कमी.