गाडी चार सेंटिमीटर खाली

३ मार्च, सकाळ ७.१०
ही वही मेकॅनिकमुळे लिहावी लागत आहे. काल म्हणाला, "मॅडम, तुम्ही दर वेळी वेगळा आकडा सांगता. मी कुठला धरू?" चौतीस वर्षे मी कॉलेजची पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा सांभाळली, आणि हा मला आकडे शिकवतो. तरी आजपासून सगळे लेखी.

अडचण: नोव्हेंबरात हे गाडीत चढताना पडले. खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन उत्तम झाले, काठी घेऊन घरभर फिरतात. पण तेव्हापासून आमच्या गाडीत पाय ठेवलेला नाही. का, विचारले तर म्हणतात, "उंच आहे गं."
उपाय: गाडी खाली आणणे. त्यासाठी आखूड स्प्रिंगा मिळतात. तरुण मंडळी मिरवायला बसवतात. मी कारणासाठी बसवणार.
आजचे माप, चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत: चारही बाजूंना ४२. पाहिजे ३८.
मुदत: २० एप्रिल. लग्नाला चाळीस वर्षे होतात. समुद्रावर जायचे, मी चालवणार, हे शेजारी. यांना सांगितले. "हं," म्हणाले. होकार.

९ मार्च
स्प्रिंगा आल्या. लालभडक. यांच्यापुढे टेबलावर मांडल्या. "छान आहेत," म्हणाले आणि पेपर वर धरला. उत्साह दिसला.

१२ मार्च, दुपार १
सकाळी नऊपासून गॅरेजमध्ये उभी. जुन्या स्प्रिंगा निघाल्या, नव्या बसल्या. गाडी लिफ्टवर, चाके लोंबकळत. मेकॅनिक म्हणाला, "खालचे बोल्ट आत्ता नुसते अडकवतो. गाडी खाली उतरली, चाकांवर वजन आलं, की मग आवळतो." म्हटले, अर्धवट काम माझ्यासमोर चालणार नाही. आत्ताच आवळ. "काकू, ऐका माझं." आवळायला लावले. मॅडमची काकू कधी झाले, कळले नाही.

दुपार ३
मोजले. ४०. चारही बाजूंना ४०. टेप बिघडली आहे.

१३ मार्च
नवी टेप आणली. ४०. हल्ली कशालाच दर्जा नाही.

१४ मार्च
मेकॅनिकचा फोन. बोल्टाभोवती रबर असते म्हणे. चाके लोंबकळत असताना आवळले की त्याला तसाच पीळ बसतो, मग ते गाडीला खाली येऊ देत नाही. "म्हणून तर सांगत होतो ना!" हे त्याने आधी नीट समजावून सांगायला हवे होते. शिवाय मला पटलेले नाही. स्प्रिंग मुरायला पाचशे किलोमीटर लागतात असे वाचले आहे. मुरवणार.

१६ मार्च
रिकामी गाडी मुरणार कशी? यांचे वजन ६८ किलो. वीस लिटरचे पाण्याचे तीन कॅन, एक आठ लिटरचा. दोन सीटवर, एक पायाशी, लहान वर मांडीवर बसवल्यासारखा. पट्टा लावला. वॉचमनने चढवून दिले आणि विचारले, "कुठे पाणी नाही का आलं, मॅडम?"
६० किलोमीटर. वळणावर कॅनना सांगितले, धरून बसा.

१९ मार्च
सिग्नलला ब्रेक मारला, लहान कॅनचे झाकण उडाले. सीट भिजली. बाकी कॅनची माझ्या चालवण्याबद्दल काही तक्रार नाही.
व्यायाम करून घ्यायला येते ती फिजिओ म्हणाली, "काकू, काका माझ्याबरोबर जिना चढतात. गाडीच्या सीटचं काय घेऊन बसलात?" मुलगी हुशार आहे, पण हाडांपुरती.

२५ मार्च
५०० किलोमीटर पूर्ण. ४०.

२६ मार्च
मेकॅनिककडे. गाडी जमिनीवर उभी करून त्याने बोल्ट सैल केले. गाडी हुश्श करून बसली. मग आवळले. ३८, ३८, ३८, ३८! म्हणाला, "बघा, जरा सैल सोडल्यावर कशी बसली." बोलणे आगाऊ, पण हात चांगला.
सीट जमिनीपासून ५४. आधी ५८ होती. यांना खिडकीशी बोलावून खालून दाखवली. हात हलवला.

२७ मार्च
कॅनसह बाहेर काढताना गेटच्या चढावर गाडीचे पोट घासले. चौथ्या मजल्यापर्यंत आवाज गेला म्हणे. कॅन उतरवले, सुरळीत निघाली. पुन्हा चढवले, पुन्हा घासली. तीनदा करून पाहिले.
निष्कर्ष: गाडी मला एकटीला घेऊन बाहेर जाते. शेजारी कोणी बसले की अडते.
उपाय: यांनी चढ चालत चढावा आणि रस्त्यावर गाडीत बसावे. काठी आहेच.

५ एप्रिल
भाऊजी, यांचे धाकटे भाऊ, जीप घेऊन आले. यांना केस कापायला घेऊन गेले. मी गॅलरीतून पाहिले. काठी आत, मग एक पाय, मग दुसरा. अकरा सेकंद. भाऊजींनी तोवर इंजिन चालू केले नव्हते. पेट्रोल वाचवत असावेत.
परत आल्यावर भाऊजी चहा घेत होते तेवढ्यात खाली जाऊन जीपची सीट मोजली. ८४.
टेप तपासून घ्यायला हवी.

८ एप्रिल
सरळ विचारले, ८४ चालते आणि ५४ चालत नाही, हा काय प्रकार? पेपरची घडी घातली. म्हणाले, "तुझ्या वहीत तो दिवस आहे का?" म्हटले, वही मार्चपासूनची आहे. "मग मोजतेयस काय?"

९ एप्रिल, सकाळ ६
मागची राहिलेली नोंद. १७ नोव्हेंबर, सकाळ १०.४०, दवाखान्यासमोर. मागे तीन गाड्या हॉर्न वाजवत होत्या. यांचा एक पाय आत, एक रस्त्यावर. "थांब" असे तीनदा म्हणाले. मी म्हटले, बसा लवकर, आणि ब्रेकवरचा पाय काढला. गाडी तीन फूट पुढे गेली. सीट तेव्हा ५८. उंचीचा संबंध नाही.
ही नोंद यांना वाचून दाखवायची. उद्या.

१० एप्रिल
फिजिओ होती. उद्या.

१३ एप्रिल
यांना झोप लागली होती. मी दोनदा खाकरले. उद्या नक्की.

१८ एप्रिल
हे भाऊजींकडे राहायला जाणार. समुद्राजवळ घर आहे, एकही पायरी नाही. किती दिवस, विचारले. "बघू," म्हणाले. लेकीचा फोन आला, तिला आधीच माहीत होते. "जाऊ दे ना आई त्यांना," एवढेच बोलली.
संध्याकाळी वही घेऊन यांच्यासमोर बसले. हे म्हणाले, "पुन्हा उंची?" वही मिटली.

२० एप्रिल, सकाळ ८.१५
समुद्रावर जायचे, तारीख २०. योजनेतला तेवढा भाग वेळेवर पार पडला.
दोन्ही पाय आत गेले. दार लागले. भाऊजींनी वाकून खात्री केली, मग किल्ली फिरवली.

भाऊजींच्या ताब्यात दिले: गोळ्यांची डबी, वारांप्रमाणे भरलेली. चष्मे दोन. पाठीची उशी. एक्स-रेचे पाकीट (आत ९ एप्रिलचे पान फाडून ठेवले होते, शेवटच्या क्षणी काढून घेतले). काठी. हे स्वतः, वजन ६८ किलो.
पोच मिळाली नाही.