सापांच्या केसांची बाई

माय, आज पुन्हा त्या सापांच्या केसांच्या बाईचं चित्र काढायला घेतलंय. यवतमाळच्या प्रेसनं लेकरांसाठी ग्रीक पुराणातल्या वीरांचं आणि राक्षसांचं पुस्तक काढलं होतं, ते आता मालकांचा मुलगा नव्यानं छापतोय. "तुमची जुनीच चित्रं चालतील," म्हणाला. त्याला चालतील, मला नाही. तेव्हा मी दुकानांच्या पाट्या रंगवायचो. कोणाकडे शिकलो नाही, हे आजही छाती काढून सांगतो. बैलाच्या डोक्याच्या राक्षसाला महागावच्या बाजारातल्या बैलाची शिंगं दिली, तर मालक म्हणाले, तिकडचा बैल असा नसतो. मी विचारलं, तुम्ही पाहिला काय? चित्र तसंच छपाईला गेलं.

तू मात्र अशी सोडणारी नव्हतीस. तू चुलीपुढे भाकर थापत होतीस आणि मी त्या बाईचं चित्र तुझ्यापुढे धरलं. पिठाचा हात न लावता तू वाकून पाहिलंस.

"हे त माही जट हाय."

"साप आहेत ते, माय."

"असतीन साप. बसवले त माह्या जटेवानीच."

खरंच होतं. तीन पेड, त्यातला जाड डाव्या कानामागून निघालेला, टोकाला भुरकट. मग तू विचारलंस, इचं पुढं काय होते? मी सांगितलं, तिच्या तोंडाकडे पाहिलं की माणसाचा दगड होतो. म्हणून वीर ढालीत तिचं प्रतिबिंब पाहतो आणि डोकं उडवतो.

"सारं डोक्शंच? काहून? माही त निस्ती जट कापली, भागलं." तू हसलीस, भाकर उलटवलीस आणि पुन्हा चित्राकडे पाहिलंस. "पण तोंड चुकलं तुहं. ते रागात नसन. जट लय जड असते, बाबू. मान दुखत असन तिची."

चूक ऐकून घेणारा मी नव्हतोच. कथेत ती क्रूर आहे, एवढं बोलून कागद गुंडाळला. रागीट तोंडच छापलं गेलं, आणि पुस्तक येण्याआधी तू गेलीस.

आता पेन्सिल मानेवर अडली आहे, आणि मी मनानं आपल्या जुन्या घराच्या ओट्यावर जाऊन बसतो. छप्पन साल आहे, नागपूरहून धम्म घेऊन आपण नुकतेच परतलो आहोत. घरातले देव निघाले, देवीची म्हणून वाढवलेली तुझी जट तेवढी उरली. घरातली थोरली, मोठमाय, दारात उभी राहून ओरडते आहे, "कापू नोको वं! देवी कोपन, पोरगं मरन तुहं!" तू कात्री घेतेस. "त्याले बसव माह्यासमोर. पाहू कसा मरते." मी एकोणीस वर्षांचा, सभेत घोषणा देणारा. समोर बसतो, आणि भीतीनं मान वर करत नाही. कात्री करकरते, थांबते, पुन्हा करकरते. तुझा श्वास ऐकू येतो. मग पहिला पेड माझ्या पायाशी पडतो, ओल्या दोरखंडासारखा आवाज करत. मी मेलो नाही.

"आरसा आण," म्हणालीस. बाबांचा दाढीचा आरसा मी तुझ्या मागून पुढे धरला. त्यात पहिल्यांदा तुझा चेहरा दिसला, नीट, वर उचललेला. इतकी वर्षं खाली वाकलेली मान तू इकडे फिरवलीस, तिकडे फिरवलीस, जणू कोणी नवीच दिली होती.

"कशी दिसून राह्यली मी?"

मी पाहिलं आणि म्हणालो, "डाव्या बाजूनं जास्त कापलं गेलं."

तुझा हात डाव्या कानामागे गेला. पदर डोक्यावर आला. आरसा तू पालथा ठेवलास.

आज त्या बाईला मी थकलेली मान दिली आहे. चेहरा आरशातला आहे. चित्र प्रेसला जाईल, त्यासोबतचा, तुला लिहिलेला हा कागद मी काढून घेईन. डाव्या बाजूनं जास्त कापलं होतं, ते खरंच. पण चांगली दिसत होतीस, माय. लय चांगली दिसत होतीस.