दोरी कोणाच्या हाताला

काउतोकेइनो,
१४ मार्च

इस्सातदादा,

बाबांचा आशीर्वाद. त्यांचा गुडघा बरा आहे, सुन्ना बरी आहे, कळपही बरा म्हणायचा. मध्येच पाऊस पडून वर बर्फाचा कडक थर बसला, त्यामुळे जनावरांना खालचं शेवाळ खोदून खाता येत नाही आणि आम्हाला रोज चारा ओढून न्यावा लागतोय. तुझी घंटावाली म्हातारी रेनडिअर अजून आहे, आणि पूर्वीइतकीच आडमुठी आहे. तू मजेत असशीलच. गोदामात उबेला उभं राहून मासे चिरणाऱ्या माणसाला काय धाड भरलीय?

हे मायेचं पत्र नाही, हे आधीच सांगते. बाबांनी लिहायला लावलं म्हणून लिहितेय. तीन आठवड्यांत आम्ही कळप घेऊन समुद्राकडे निघतो. सुन्ना आठ वर्षांची झाली आणि यंदा तिला बाबांची ती छोटी बर्फावरची गाडी स्वतः चालवत यायचंय. द्यायची की नाही, यावर घरात महिनाभर धुसफूस चाललीय. काल बाबा म्हणाले, आपल्याकडे शिकवतो तो मामा आणि ठरवतोही मामाच, इस्सातला विचार. पोर माझी, आणि विचारायचं तुला. वर्षभर ज्यानं तोंड दाखवलं नाही त्याला. उन्हाळ्यात पिल्लांच्या कानांवर मालकीच्या खुणा कापायलाही तू आला नाहीस, तुझ्या पिल्लांचे कान मी कापले. वाकडे झाले असतील तर ऐकून घेणार नाही.

गेल्या वर्षी याच वादात तुझं म्हणणं काय होतं, आठवतंय ना? अंगठ्यात जोर आला की झालं, म्हणे. वेग द्यायची पट्टी पोरीला नीट दाबता आली की बसव. मी म्हणत होते दहा वर्षांची होऊ दे. बाबांचं तिसरंच. जे मूल न सांगता इंजिन बंद करून कळपाची घंटा ऐकत थांबतं ते तयार, मग ते सहाचं असो की सोळाचं. आपण दोघं त्यांना हसलो होतो.

आणि मग मी चहा उकळत असताना, मला एका शब्दानं न विचारता, तू तिला तुझ्या मोठ्या गाडीवर बसवलंस. गोठून कडक झालेले कातड्याचे हातमोजे तिच्या हातात, पट्टीत बर्फ साचलेला, जनावरांवर फेकायच्या फासाची वेटोळी पायाशी तशीच. उतारावर ती पडली, पट्टी अडकून राहिली, पाय फासात गुंतला आणि गाडी तिला थेट कुंपणापर्यंत ओढत घेऊन गेली. पाय दोन ठिकाणी मोडला. थंडी वाढली की अजून लंगडते. कोणी बघत असलं की लंगडत नाही, हे तुला माहीत नसेल, कारण तू इथे नाहीस.

ओढली गेली की गाडी बंद पाडणारी ती दोरी तिच्या मनगटाला असती तर ती पडताक्षणी इंजिन थांबलं असतं. दोरी हँडलला बांधलेली होती. सगळ्यांसमोर बाबांनी तुला विचारलं, दोरी का बघितली नाहीस. तू खाली मान घालून उभा राहिलास आणि दुसऱ्या दिवशी निघून गेलास. वर्षभर सगळे तुझ्या नावानं बोटं मोडतायत. माझाही आवाज त्यात काही कमी नव्हता.

गेल्या आठवड्यात सुन्ना अंगणात उभ्या गाडीवर बसली होती. बसायच्या आधी तिनं दोरी स्वतःच्या मनगटाला लावली, ओढून पाहिली, मग मला विचारलं, "ही हातालाच लावतात ना? मग त्या दिवशी हँडलला कोणी बांधली होती?"

मी म्हणाले, "मामानं."

तिनं दोरी परत एकदा ओढून पाहिली. मग म्हणाली, "म्हणजे मामा अजून तयार नाही. त्याला गाडी द्यायची नाही."

दादा, मला तीन दिवस अन्न गेलं नाही.

ती पडली त्या सकाळी मी तुझी गाडी घेऊन पिल्लं वेगळी काढायला गेले होते. फास टाकायला दर वेळी गाडीवरून उडी मारायची, दर वेळी इंजिन बंद पडायचं. वैतागून मी दोरी हँडलला आवळून टाकली. आपण सगळेच तसं करतो, पण त्या दिवशी केलं ते मी. परत आल्यावर सोडायची विसरले. ती माझी डाव्या हाताची उलटी गाठ होती, आणि लहानपणी बुटांच्या नाड्यांवरून मला सर्वांत जास्त चिडवलंयस ते तूच. तू ती ओळखलीस. कुंपणाजवळ सुरीनं कापून खिशात टाकलीस, ते मी पाहिलं होतं.

मग बोलला का नाहीस? कोणी मागितला होता हा मोठेपणा? तू एक शब्द बोलला असतास तर मी त्याच दिवशी रडून, भांडून मोकळी झाले असते. त्याऐवजी वर्षभर मी तुला शिव्या देत राहिले आणि तू तिकडे गपचूप त्या खात राहिलास. तू न बघता पोरीला बसवलंस त्याचा राग आहेच, तो जाणार नाही. पण तू गप्प बसलास याचा राग त्याहून मोठा आहे.

काल बाबांना सगळं सांगितलं. ते उठून बाहेर गेले आणि बराच वेळ लाकडं फोडत राहिले. सुन्नालाही सांगितलं. ती रडली नाही. माझ्या गाडीची चावी काढून तिनं स्वतःच्या खिशात घातली. आज चारा न्यायला बाबांनी गाडी चालवली आणि मी मागच्या घसरगाडीवर पोत्यांबरोबर बसले. माळावर पोचायच्या आधीच सुन्नानं बाबांच्या खांद्यावर थाप मारून इंजिन बंद करायला लावलं. खूप वेळ कान देऊन ऐकलं आणि मग हात करून दाखवलं, घंटा तिकडे आहे. ती बरोबर होती.

तेव्हा तिचं काय ते तू येऊन ठरव. निघायच्या आधी ये, म्हणजे चहाच्या वेळी सगळ्यांसमोर मला बोलायचंय ते तुझ्या देखत बोलता येईल. न आलास तर तुझ्या गोदामात येऊन भांडेन. आणि कापलेली ती गाठ अजून असेल तर घेऊन ये, सुन्नाला बघायचीय.

माझी चावी कधी मिळेल असं सकाळी तिला विचारलं. म्हणाली, मामा आला की आम्ही दोघं ठरवू.

तोवर घसरगाडीवर बसलेली, अजून तयार नसलेली,
तुझी बहीण
रावना