आडतीतले सात जण

नांदेड, ८ नोव्हेंबर २०२२

प्रिय नागम्मा,
स. न. वि. वि.

शाळेत चॅपेलच्या वेळी सिस्टर आपल्या दोघींना झाडांना पाणी घालायला बाहेर पाठवायच्या, आठवतं? तू लिंगायत, मी ज्यू, आणि झारी एकच. ती कायम तुझ्या हातात, आणि बूट भिजायचे माझे.

फोन केला असता तर तू रडली असतीस आणि मी बेत बदलला असता, म्हणून लिहिते. मी इस्रायलला कायमची जाते आहे, माझ्या भावाकडे, डेव्हिडकडे. कागद मंजूर झाले, जानेवारीत निघेन. इथे शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा दिवा लावणारं माझं एकटीचं घर उरलं आहे. बाबा गेले तेव्हा कद्दिश, आमची मृतासाठीची प्रार्थना, म्हणता आली नाही. तिला दहा ज्यू पुरुष लागतात, आपल्याकडे तीनच होते. बाबांच्या येत्या तिथीला ती मला ऐकायची आहे, कुणाला गोळा न करता.

भाऊजींना नमस्कार. रागवायचं तर पत्रातच रागव.

तुझी,
फ्लोरा

लातूर, १६ नोव्हेंबर

प्रिय फ्लोरा,
स. न.

रागावतेच. पत्र वाचून हे जेवले नाहीत. म्हणाले, मग आम्ही सात जण तिथं काय खांब म्हणून उभे होतो? बाबा गेले त्या दिवशी डेव्हिडनं फोनवर माणसं कमी आहेत म्हटल्याबरोबर यांनी आडत बंद केली, सहा जणांना जीपमध्ये घातलं आणि नांदेड गाठलं. तीन आणि सात दहा, एवढा हिशेब आडतवाल्याला येतो. खड्डाही यांनीच खणला. तुमच्यातही आमच्यासारखंच पुरतात हे ठाऊक होतं. पण आम्ही बसवतो, तुम्ही निजवता, हे कुणाला माहीत? आमच्या रीतीनं चौकोनी खणला, आणि डेव्हिड बोलल्यावर पुन्हा लांब केला. तेव्हा कुणी सांगितलं नाही की तुम्ही मोजणीत नाही.

आणि साठी उलटल्यावर नवी भाषा शिकणार तू? माझ्या आईच्या हातचं इतकी वर्षं जेवलीस, कन्नड आलं ते ‘ऊट आयता’, जेवण झालं का, एवढंच. जाऊ नकोस.

रुसलेली,
नागम्मा

नांदेड, ४ जानेवारी २०२३

प्रिय नागम्मा,
स. न. वि. वि.

भाऊजींचं दुःख खरं, आणि माझं जाणंही खरं. दहांचा नियम मी केलेला नाही, मोडणारही नाही. आयुष्यभर मी शेवटची उरलेली म्हणून जगले. आता थोडे दिवस अनेकांतली एक म्हणून जगायचं आहे. पण कबरस्तानाच्या फाटकाशी उभी राहून मी पाहिलं होतं. तो खड्डा लांब करताना सातांपैकी एकानेही तोंडातून शब्द काढला नाही. असं कुणी आपलं असतं हे मी तिकडच्यांना सांगणार आहे, मोडक्या हिब्रूत का होईना.

माया आहेच, ती आता लांबच्या पत्त्यावर पाठवत जा.

तुझीच,
फ्लोरा

ता. क. हे पत्र हातोहात पाठवते आहे, तुझ्या मुलाला, वीरेशला, उद्या जीप घेऊन पाठव. शुक्रवारचा काचेचा दिवा तुला. लावलाच पाहिजे असं नाही. बाबांचा रेल्वेतला हातकंदील वीरेशला, लहानपणी त्याने त्यासाठी फार हट्ट केला होता. झारी मी मुद्दाम नवी घेतली आहे, तीही तुला. बाबांच्या कबरीजवळच्या लिंबाला अधूनमधून पाणी घाल. कबरीवर मात्र बेल वाहू नकोस, आमच्यात ठेवतात तसा लहानसा दगड ठेव.

प्रवासाआधी आमच्यात मलिदा करतात, पोहे, गूळ, खोबरं आणि फळं. प्रार्थना मी एकटीनेच म्हटली. डबे सात आहेत. पहिला भाऊजींना. श्रीमंतकाका राहिले नाहीत, त्यांचा त्यांच्या मुलाला. सिद्धेश्वरअण्णांना साखरेचा आजार, तरी चमचाभर द्यायचाच. बाकीचे चार ज्याचे त्याला, भाऊजींनी स्वतः नेऊन द्यावेत. सगळ्यांचं झाल्यावर मी खाईन, डेव्हिडसाठीही तेव्हाच बांधून घेईन.